केयूगा तळ्याची उलटी प्रदक्षिणा

दिवाळीचा कार्यक्रम आटोपला की संक्रांतीपर्यंत आपण सगळे दारं-खिडक्या लावून बसतो. म्हणून या वेळी सदरात घराबाहेरचा एक दिवस सुचवते आहे.

जानेवारीत आजूबाजूची छोटी तळी गोठतात, पण केयूगा बहुतेक वर्षी मध्ये मोकळंच राहतं. कारण शाळेतल्या रसायनशास्त्रातलं आहे. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सियसला. वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, आणि सगळं तळं साधारण ४ अंशांवर येईपर्यंत वर बर्फ धरत नाही. ६१ किलोमीटर लांब आणि १३३ मीटरपर्यंत खोल तळ्याला त्यासाठी बराच हिवाळा लागतो. याच खोल, गार पाण्याचा उपयोग करून कॉर्नेल विद्यापीठाच्या इमारती २००० सालापासून थंड ठेवल्या जातात.

उथळ टोकांना बर्फ धरला की बदकं मोकळ्या पाण्याकडे सरकतात. कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या या पाहुण्यांना आपली इथाका म्हणजे उबदार दक्षिण! (हे थंडीबद्दल कुरकुरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

सकाळी स्टुअर्ट पार्कपासून निघून पूर्व किनाऱ्याने वर जा, दुपारी पश्चिम किनाऱ्याने परत या. देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशा झाली खरी, पण दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. मायर्स पार्क, ऑरोरा आणि युनियन स्प्रिंग्ज इथे थांबा. युनियन स्प्रिंग्जच्या नावातच झरे आहेत. झऱ्यांच्या पाण्यामुळे तिथलं गिरणीचं तळं कडक थंडीतही मोकळं सापडतं.

मुलांना आधी एकच गोष्ट शिकवा. शेपटी वर करून शीर्षासन करतात ती उथळ पाण्यातली बदकं. बुडी मारून दिसेनाशी होतात ती पाणबुडी. लाल डोक्याच्या रेडहेडचे हजारोंचे थवे इथे जमतात. त्यांत उतरत्या कपाळाचं, पांढऱ्या पाठीचं कॅन्व्हासबॅक शोधायचं. काळा पक्षी आणि कपाळावर पांढरा टिळा दिसला तर तो कूट. त्याच्या आपल्याकडच्या भावंडाला मराठीत वारकरी म्हणतात. गॅडवॉल आणि पिनटेल (आपलं तलवार बदक) हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर, भिगवणलाही उतरतात. जात तीच, वाट वेगळी.

आता जरा गंभीर विषय. बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या पेषणीत, म्हणजे जात्यातच म्हणा ना, त्या खड्यांनी अन्न दळतं. खड्यांसोबत शिशाचा छर्रा गेला तर तोही दळला जातो, आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. पंख लुळे पडतात, पक्षी खंगून मरतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे. गळाला लावायच्या अर्ध्या औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री न्यूयॉर्क राज्याने २००४ मध्ये बंद केली. मासे खाणाऱ्या लून पक्ष्यांचा त्यांनी जीव जात होता. पण विक्री थांबली म्हणून जुना माल नाहीसा झालेला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या गराजमध्ये गराज सेलला घेतलेली मासेमारीची पेटी असते. ती या आठवड्यात उघडून बघा. त्यातलं मऊ, करडं, नखाने ओरखडा उठणारं वजन बहुधा शिशाचं असतं. मुलांना हाताळू देऊ नका, केरात टाकू नका. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनात द्या. कथील, पोलाद किंवा बिस्मथची वजनं मिळतात आणि मासे तक्रार करत नाहीत.

काही सूचना: दोन-दोन मोजे, थर्मासमध्ये चहा, दुर्बीण. बदकांना पाव-पोळी घालू नका. त्यात त्यांना पोषण नाही, आणि एका जागी गर्दी झाली की रोग पसरतात. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, बर्ड फ्लूची साथ २०२२ पासून रानपक्ष्यांत ठिकठिकाणी आढळली आहे. ज्यांना मोजायची हौस आहे त्यांच्यासाठी फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असते. कॉर्नेलची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटीने ती १९९८ मध्ये सुरू केली. पंधरा मिनिटं मोजलंत तरी नोंद घेतात.

काय काय दिसलं ते, आणि कोणाच्या पेटीत किती शिसं निघालं तेही कळवा. दोन्ही याद्या पुढच्या अंकात छापू.