सरांचा बी.पी. कोण मोजणार?

पोरगा प्राध्यापक झाला की सगळ्या वस्तीला अभिमान वाटतो. पण जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवणाऱ्या आपल्या मुलामुलींकडे नीट पाहा. अनेक जण तासिका तत्त्वावर आहेत. तास घेतला तरच पैसे, तेही उशिरा. पुढच्या वर्षी काम मिळेल का, ही धास्ती वेगळीच. घरच्यांना मात्र वाटते, सरांचे बरे चालले आहे.

अशा माणसाचा रक्तदाब वाढला तर बहुधा त्यालाही कळत नाही, कारण या आजाराला बहुतेक वेळा लक्षणच नसते. डोके दुखायची वाट पाहू नका. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा जास्त आला तर डॉक्टरांना दाखवा. अंगावर काढले तर लकवा, हृदयविकार, किडनीचा आजार यांचा धोका खूप वाढतो.

"गोळी एकदा लागली की सुटत नाही" म्हणून पुष्कळ जण टाळतात. अहो, लकवा झाल्यावर काम सुटते, त्याचे काय? तासिकेवाल्याला पगारी रजाही नाही.

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा. लोणचे, पापड त्यातच धरा. तंबाखू सोडा, रोज चाला. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते.

पण दोष एकट्या सरांचा नाही. वेळेवर मानधन आणि कायम भरती ही आरोग्याचीही मागणी आहे. बाबासाहेबांनीही १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पुढे मधुमेहाने त्यांना किती छळले, हे आपण जाणतो. शिकलेला माणूस समाजाने जपायचा असतो. या रविवारी घरातल्या सरांना, मॅडमना तपासायला घेऊन चला. जय भीम!