बाळाचं डोकं चपटं? हेल्मेटच्या आधी शंट तपासा

"ताई, हिला हेल्मेट घालायचं का गं?" झाशीला दिलेल्या माझ्या मावसबहिणीचा फोन होता. तिची मुलगी सहा महिन्यांची. दुसऱ्याच महिन्यात डोक्यातल्या पाण्यासाठी तिचं शंटचं ऑपरेशन झालं होतं. डोकं फुगायचं थांबलं आणि घर निर्धास्त झालं. मग एके दिवशी न्हाऊ घालताना सासूबाईंच्या हाताला जाणवलं, की डोकं डाव्या अंगाला मागून चपटं झालंय. त्यांचं घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेलं. त्यामुळे शेजारणीने राईचा तकिया, म्हणजे मोहरीची उशी सुचवली. मालीशवाली डोकं दाबून गोल करून देते म्हणाली. कुणी परदेशातल्या नातवाचा हेल्मेट घातलेला फोटोही दाखवला.

चपटेपणा येतो कुठून?

मेंदूतल्या पोकळ्यांत रोज पाणी तयार होतं आणि रक्तात शोषलं जातं. वाट अडली की ते साठतं. यालाच हायड्रोसेफॅलस म्हणतात. शंट ही कातडीखालून जाणारी बारीक नळी ते पाणी पोटात नेऊन सोडते. किती पाणी जाऊ द्यायचं, हे मधली झडप ठरवते.

ऑपरेशननंतर जखमेवर दाब येऊ नये म्हणून बाळाला काही दिवस दुसऱ्या कुशीवर निजवतात. डोकं जड, मान कमजोर. बाळाला ते आपलं आपण वळवता येत नाही आणि मऊ कवटी टेकलेल्या बाजूला चपटी होते.

पण शंट असलेल्या बाळात आणखीही कारण असू शकतं. पाणी गरजेपेक्षा जास्त निघालं तर टाळू खोल जाते, कवटीची हाडं एकमेकांवर चढतात. कधी कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात. यावर उशी किंवा हेल्मेट हा इलाज नव्हे. म्हणून आधी न्यूरोसर्जनकडे जाऊन शंट नीट चालतो ना, हे पाहून घ्यावं.

हेल्मेट काय करतं?

ते डोकं दाबत नाही. उंच भागाला टेकतं आणि चपट्या भागापाशी जागा मोकळी ठेवते अशी त्याची घडण असते. वाढणारं डोकं त्या जागेत भरत जातं. म्हणूनच ते साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात सुरू केलं तर उपयोगी पडतं. वर्षानंतर फारसा फरक पडत नाही. दिवसाचे २३ तास, काही महिने ते घालावं लागतं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी आतून घासून बेतावं लागतं. झाशीहून दिल्ली सुमारे ४०० किलोमीटर. इतक्या खेपा घालायच्या, तर त्याचा उपयोग किती, हे आधी विचारायलाच हवं.

नेदरलँड्समध्ये ८४ निरोगी बाळांवर झालेली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. हेल्मेट घातलेली आणि न घातलेली, दोन्ही गटांत दोन वर्षांच्या वयाला साधारण चारातल्या एकाच बाळाचं डोकं पूर्ण गोल झालं होतं. मात्र शंट असलेल्या बाळांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. शंटमुळे डोक्याच्या वाढीचा वेगच बदललेला असतो. शिवाय झडपेवरची कातडी नाजूक असते. तिथे हेल्मेट घासलं तर जखम, जंतुसंसर्ग आणि पुन्हा ऑपरेशन. म्हणून चपटेपणा फारच असेल आणि सर्जनने होकार दिला, तरच हेल्मेट. तेही झडपेपाशी जागा सोडून बनवलेलं.

महाग तेच चांगलं, असंही नसतं. झाशी ज्या उत्तर प्रदेशात आहे, तिथल्याच शहाजहानपूरला बनणारा स्वस्त छाबडा शंट युगांडातल्या १९५ मुलांच्या अभ्यासात महागड्या परदेशी शंटच्या तोडीचा ठरला. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

घरी काय कराल?

सर्जनला विचारून पुढच्या गोष्टी सुरू करा. बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथं ठेवा. खुळखुळा चपट्या बाजूच्या उलट अंगाला वाजवा. कडेवर घेण्याची बाजू बदला. झोपवताना मात्र उताणंच, सपाट बिछान्यावर. मोहरीची उशी नको. मान एकाच बाजूला आखडलेली वाटली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. टाळू भरताना, न्हाऊ घालताना नळीवर आणि झडपेवर दाब देऊ नका. डोकं दाबून गोल करणं तर मुळीच नको.

उलट्या, सततची गुंगी, फुगलेली टाळू, खाली वळलेले डोळे, ताप किंवा नळीच्या वाटेवर लाली दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. तडक इस्पितळ गाठा.

माझ्या भाचीचा शंट ठीक निघाला. सर्जनने हेल्मेट न घालता दोन महिने थांबायला सांगितलं. आता ती आपणहून मान वळवते. डोकं अजून पूर्ण गोल नाही, पण चपटेपणा कमी झालाय. सासूबाईंनी मोहरी पुन्हा फोडणीच्या डब्यात ओतली आणि डोक्याच्या घेराची वही स्वतःच्या ताब्यात घेतली. दर रविवारी टेप लावून आकडा त्याच लिहितात.