चाल बदला, ‘वामन’ राहू द्या

उद्या 15 ऑगस्ट. इगतपुरीत पाऊस असणार हे गृहीतच आहे. छत्र्या सांभाळत ध्वजवंदन होईल आणि कर्ण्यांवरून देशभक्तीची नेहमीची दहा-बारा चित्रपटगीते दुपारपर्यंत आळीपाळीने वाजत राहतील. याच तारखेला, 1922 साली, आपल्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात वामनदादा कर्डक जन्मले. त्यांचे एखादे तरी गाणे उद्याच्या यादीत असावे, एवढीच मागणी करून हा लेख संपवता आला असता. पण कोणते गाणे आणि कोणाच्या आवाजातले, हा प्रश्न अधिक रंजक आहे. एकाच गाण्याची इतकी रूपे महाराष्ट्रात फार थोड्या कवींच्या वाट्याला आली असतील.

वामनदादांना शाळा लाभली नाही. मुंबईत पोटासाठी मिळेल ते काम करताना, हाताशी आलेले पत्र वाचता येईना म्हणून त्यांनी मोठेपणी अक्षरे गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचन पक्के केले. 1943 साली त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याचे विडंबन. म्हणजे चाल दुसऱ्याची, शब्द आपले. याला कोणी उसनवारी म्हणेल. आंबेडकरी जलशांत, म्हणजे बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून मांडणाऱ्या कार्यक्रमांत, ही रीतच होती आणि तिच्यामागे हिशेब होता. नवी चाल बसवायची तर पेटीवाला हवा, तालमी हव्यात, वेळ हवा. सिनेमाची चाल लोकांच्या कानात आधीच असते. पहिला अंतरा संपेपर्यंत समोरचे लोक मागून म्हणू लागतात. भीमराव कर्डकांच्या जलशाने नाशिक जिल्ह्यातल्या गावोगावी जो विचार पोहोचवला, तो असाच पोहोचवला.

वामनदादांनी पुढे हजारो गाणी लिहिली. त्यांत भीमगीते आहेत, लोकगीते आहेत, लावण्या आहेत, चित्रपटगीतेही आहेत. स्वतः ते गावोगाव हिंडून गात. पण त्यांची बहुतेक गाणी पसरली ती गायकांच्या वह्यांतून. एका पार्टीच्या वहीतून दुसऱ्या पार्टीच्या वहीत शब्द उतरत आणि चाल वाटेत बदले. विठ्ठल उमपांच्या गळ्यात शाहिरी आणि लोकनाट्याचा बाज. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज भजन आणि कव्वालीत घोटलेला. पुढे कॅसेटच्या काळात आनंद आणि मिलिंद शिंदे आले आणि गाण्याला बेंजो-ढोलकीचा ठेका मिळाला. इगतपुरीची जुनी माणसे हे सहज समजतील. मुंबईहून आलेल्या गाडीचे इंजिन इथे बदलायचे. डबे तेच, प्रवासी तेच, पण पुढची ओढ वेगळी.

एका गाण्याचे उदाहरण घेऊ. टाटा, बिर्ला, बाटा यांची नावे घेऊन देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे, असे विचारणारे वामनदादांचे गाणे आहे. कलापथकाची पोरे ते डफावर म्हणतात तेव्हा ती मागणी असते, अगदी मोर्चाची. कव्वालीच्या सामन्यात तेच गाणे टोमणा होते; गायक एकेका नावावर थांबतो, लोक हसतात, आणि हसता हसता कोणाच्या तरी खिशाकडे बोट जाते. विहारात बायका टाळ्यांच्या तालावर संथ म्हणतात तेव्हा त्यात घरखर्चाची चिंता ऐकू येते. शब्द एकही बदललेला नाही. आम्हाला यांतले कव्वालीचे रूप सर्वांत आवडते, कारण वामनदादांच्या शब्दांतला खट्याळपणा तिथे पुरता फुलतो. डफावर तो बरेचदा दबून जातो.

परदेशात एकाच गाण्याच्या अशा वेगवेगळ्या रूपांवर मोठी चर्चा होते. बॉब डिलनने 1967 साली केलेले ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे गाणे जिमी हेंड्रिक्सने पुढच्याच वर्षी गिटारवर असे काही पेटवले, की नंतर खुद्द डिलनही मैफिलीत ते हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला. तिथे निदान मूळ तबकडी असते. ती ऐकायची आणि मग हेंड्रिक्सने काय केले ते मोजायचे. वामनदादांच्या बऱ्याचशा गाण्यांना अशी मूळ प्रत नाहीच. म्हणून ‘अस्सल चाल अमकीच’ असे छातीठोक सांगणाऱ्यांचे आम्हाला नवल वाटते. ज्याचे पहिलेच गाणे दुसऱ्याच्या चालीवर उभे राहिले, त्याच्या गाण्याभोवती कुंपण कशाला घालायचे?

डीजेवरच्या रूपांबद्दल नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. छातीत धडधडणारा आवाज आम्हालाही सोसत नाही, आणि धम्मगिरीच्या विपश्यना केंद्रात मौनात बसलेल्यांना तर नाहीच नाही. तरी मिरवणुकीतली पोरे त्या ठेक्यावर का होईना, वामनदादांचे शब्द पाठ म्हणतात. आमची तक्रार वेगळी आहे. मिरवणुकीत गाणे आटोपते घेताना शेवटचे कडवे कापले जाते. नेमके त्याच कडव्यात वामनदादा आपले नाव गुंफतात. संतांच्या अभंगांपासून चालत आलेली ही नाममुद्रा. वह्यांतून, कॅसेटवरून, मोबाइलवरून फिरताना ज्या गाण्यांवर कवीचे नाव कोणी छापले नाही, ती गाणी कोणाची हे त्या एका ओळीमुळेच कळत राहिले. ते कडवे गेले की गाणे ‘पारंपरिक’ होते आणि सिन्नर तालुक्यातला माणूस त्यातून वजा होतो. 15 मे 2004 रोजी वामनदादा गेले. त्यांच्या तोंडून गाणी ऐकलेली पिढीही आता थकली आहे.

तेव्हा उद्याच्या यादीत तो वाट्याचा प्रश्न विचारणारे गाणे जरूर घ्या. स्वातंत्र्यदिनाला तो प्रश्न शोभतोच. डफ चालेल, बेंजो चालेल, शाळेतल्या मुलींनी नवी चाल लावली तर त्याहून चांगले. फक्त ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्याने शेवटच्या कडव्याआधी पुढचे गाणे लावू नये.