चहातल्या फ्लोराइडचा हिशेब कोण ठेवणार?

चहाने हाडे खराब होतात, असा एखादा संदेश मोबाइलवर आला की घरात दोन तट पडतात. एक जण उद्यापासून चहा बंद, अशी घोषणा करतो. दुसरा, ‘आजोबा नव्वदीपर्यंत दिवसाला आठ कप पीत होते, त्यांना काय झालं?’ असा दाखला देतो. चहात फ्लोराइड असते, हे खरे आहे. मात्र ते बाधेल की नाही, हे तो चहा कोणत्या पाण्यात उकळला, कोण प्यायले आणि दिवसातून किती वेळा प्यायले, यावर ठरते. या तीन गोष्टींचा हिशेब घरात, दवाखान्यात किंवा सरकारी कागदावर क्वचितच मांडला जातो.

चहाचे झुडूप आम्लधर्मी जमिनीत वाढते. त्या जमिनीतले फ्लोराइड मुळे शोषून घेतात आणि ते पानांत साठत जाते. कोवळ्या कळीत ते थोडे असते, जून पानात कित्येक पटींनी जास्त. त्यामुळे जून पाने आणि देठ वापरून केलेल्या चहात फ्लोराइड अधिक उतरते. ब्रिटनमधील डर्बी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये तिथल्या बाजारातला चहा तपासला, तेव्हा स्वस्त चहात महागड्या चहापेक्षा फ्लोराइड जास्त आढळले. कोऱ्या काळ्या चहात साधारणपणे लिटरमागे १ ते ६ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. ‘आरोग्यदायी’ म्हणून घेतला जाणारा ग्रीन टीही त्याच झुडपाचा, त्यामुळे त्यातही ते असतेच. गवती चहा नावाने चहा असला तरी तो वेगळ्याच गवताचा, त्याला हा नियम लागू नाही.

अति चहाचे परिणाम जगाने पाहिले आहेत. तिबेट आणि इनर मंगोलियात जून पाने व देठ दाबून केलेल्या विटेसारख्या चहाच्या वड्या दिवसभर उकळून पितात. तिथे या चहामुळे दात आणि हाडे बिघडण्याचा आजार इतका पसरला, की चीनला अशा चहातील फ्लोराइडवर किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घालावी लागली. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ४७ वर्षांच्या एका महिलेची हकिकत २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. ती सतरा वर्षे रोज १०० ते १५० टी-बॅगांचा चहा पीत होती. पाठ, कंबर, हातपाय सारे दुखत होते. चहातून तिच्या पोटात रोज २० मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड जात असावे, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

रोज तीन-चार कप घेणाऱ्याने या उदाहरणांनी घाबरून जायचे कारण नाही. अमेरिकेतील तज्ज्ञांनी प्रौढांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅम ही फ्लोराइडची वरची मर्यादा मानली आहे. समजा, शहरातल्या नळाच्या पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि माणूस तीन लिटर पाणी पितो. त्याचे दीड मिलिग्रॅम झाले. शंभर मिलिलिटरचे चार कप चहा घेतले आणि पत्तीतून लिटरमागे २ मिलिग्रॅम उतरले, असे धरले तर आणखी एक मिलिग्रॅम. एकूण अडीच. मर्यादा बरीच दूर राहते. शिवाय चहात दूध असेल तर त्यातले कॅल्शियम काही फ्लोराइड शरीरात शोषू देत नाही.

हाच हिशेब यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेड जिल्ह्यांतल्या फ्लोराइडग्रस्त गावात करून पाहावा. तिथे बोअरच्या पाण्यात लिटरमागे अडीच मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि उन्हात राबणारा मजूर चार लिटर पाणी पीत असेल, तर १० मिलिग्रॅम पाण्यातूनच पोटात गेले. वर चार कप कोरा चहा. त्याचे पाणीही त्याच बोअरचे, पत्तीचे फ्लोराइड वेगळे. म्हणजे आणखी पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास. मर्यादा ओलांडली गेली, आणि हे एका दिवसाचे झाले. शरीरात राहणारे जवळपास सगळे फ्लोराइड हाडांत साठते. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते बाहेर पडण्याचा वेगही मंदावतो.

भारताला हा आजार नवा नाही. तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागात हाडांचा फ्लोरोसिस असल्याची नोंद १९३७ मध्येच झाली होती. पाण्यातील फ्लोराइडसाठी भारतीय मानकाने लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत सूट दिली. जागतिक आरोग्य संघटनाही दीड मिलिग्रॅमच सांगते. पण त्यासोबत, लोक किती पाणी पितात आणि इतर कशातून फ्लोराइड घेतात हे पाहून देशांनी आपली मर्यादा ठरवावी, असेही बजावते. या दुसऱ्या सूचनेकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. हातपंपाला लाल रंग फासला की काम संपले, असे मानले जाते. घराघरातले चहाचे पातेले त्या मोजणीत येतच नाही.

त्यात एक घातक गैरसमज भर घालतो. पाणी खराब असेल तर उकळून प्या, हा सल्ला जंतूंसाठी अगदी योग्य, फ्लोराइडसाठी नेमका उलटा. उकळताना पाणी वाफ होऊन जाते, फ्लोराइड मागे राहते आणि पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. टपरीवर तासन्तास उकळणाऱ्या चहाचेही तेच. साध्या कँडलच्या फिल्टरनेही फ्लोराइड जात नाही. त्यासाठी आरओ किंवा सक्रिय ॲल्युमिनाचा फिल्टर लागतो. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत तर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनेच विकसित केली आहे.

खरी काळजी लहान मुलांची आहे. कायमच्या दातांचे एनॅमल साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होत असते. त्या काळात जास्त गेलेले फ्लोराइड दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग होऊन उमटते आणि ते घासून जात नाहीत. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी दिवसाची मर्यादा आहे अवघी २.२ मिलिग्रॅम. मर्यादेतले, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅमचे, एक लिटर पाणी, दोन कप कोरा चहा आणि दात घासताना गिळलेली थोडी पेस्ट, एवढ्यातच मूल त्या रेषेपाशी पोहोचते. दूध परवडत नाही म्हणून सकाळी चहात बुडवलेली पोळी किंवा टोस्ट देणारी घरे राज्यात कमी नाहीत. अशा मुलाला दुधातले कॅल्शियम मिळत नाही आणि चहातले टॅनिन अन्नातले लोहही पुरते शोषू देत नाही. कुपोषित शरीराला फ्लोराइड अधिक बाधते, हेही सिद्ध झालेले आहे. आईला दोष देऊन हे सुटणार नाही. तिच्या हाताशी दुसरे काय आहे, हे आधी पाहायला हवे.

म्हणूनच चहाविरुद्ध मोहीम उघडण्यापेक्षा हिशेब पूर्ण करणे गरजेचे आहे. राष्ट्रीय फ्लोरोसिस नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ पासून सुरू आहे. त्यात पाण्याच्या तपासणीबरोबर गावातल्या चहाचीही चौकशी व्हावी. चहाच्या पुड्यावर वजन, किंमत, तारीख सारे असते, फ्लोराइडचे प्रमाण छापले जात नाही. ते छापावे, म्हणजे स्वस्त पुडा घेणाऱ्यालाही निवड करता येईल. अंगणवाडीत पाच वर्षांखालील मुलांना चहा देऊ नये, हे ठामपणे सांगावे, पण त्याबरोबर दूध किंवा अंडे त्यांच्या ताटात पडेल, याचीही हमी द्यावी. गुडघे आणि कंबर धरून आलेल्या रुग्णाला संधिवाताची गोळी लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारावेत: पाणी कुठले पिता आणि चहा किती पिता?

सुरक्षित पाण्यात केलेला, दुधाचा, दोन-चार कप चहा निर्धास्तपणे प्यावा. मात्र ज्या गावच्या बोअरवर लाल रंग आहे, तिथे त्या पाण्याचा चहाही बंद व्हायला हवा आणि स्वच्छ पाण्याचा पहिला हंडा चुलीवरच्या पातेल्यात जायला हवा.