शब्दविचार : तुरुंगाचा अधिकारी

एका वाचक-भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे चिरंजीव नुकतेच तुरुंगाच्या नोकरींत अधिकारी झाले. मुलाचें टिपण वधूपक्षाकडे धाडतांना ‘जेलर’ हा शब्द लिहावयास त्यांचा हात धजत नाहीं. याहून सोज्ज्वळ शब्द आम्हीं सुचवावा, अशी त्यांची इच्छा आहे.

शब्दांस तोटा नाहीं. परंतु प्रत्येकाचें कूळ पाहिलें पाहिजे. इंग्रजी ‘जेल’ हा ‘लहान पिंजरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंचच्या द्वारें आला. आपला ‘तुरुंग’ हें पोर्तुगीज ‘ट्रोंकु’चें रूप. त्याचा मूळ अर्थ झाडाचें खोड. पुढें कैद्याचे पाय अडकविण्याचें लांकूड, आणि मग बंदिखाना. आपल्या ‘खोड’ व ‘खोडा’ यांचें नातेंहि असेंच आहे. ‘दारोगा’ मूळचा मंगोल लोकांचा. त्यांच्या साम्राज्यांत तो मोठा कारभारी असे. फारसीच्या वाटेनें इकडे येऊन तो खात्याचा प्रमुख झाला, आणि बंगाल्यांत १७९३ च्या सुमारास कंपनी सरकारनें पोलीस ठाण्याच्या मुख्यास तेंच नांव दिलें.

कौटिल्याचा शब्द मात्र निराळा आहे : ‘बंधनागाराध्यक्ष’. अध्यक्ष म्हणजे देखरेख करणारा. आणि त्या देखरेखीवरहि अर्थशास्त्राची देखरेख आहे! या अध्यक्षानें कैद्याचें अन्नपाणी अडविल्यास ९६ पण दंड, छळ केल्यास वा लांच खाल्ल्यास मध्यम साहसदंड, आणि कैद्यास ठार केल्यास १००० पण. १८९४ च्या तुरुंगाच्या कायद्यानेंहि जेलरला मोकळें सोडलें नाहीं. त्यानें तुरुंगांतच राहावें, आणि सुपरिंटेंडेंटच्या लेखी परवानगीवांचून एक रात्रहि बाहेर काढूं नये, असें त्यांत घातलें. ज्याच्या हातीं किल्ल्या, तोहि एका अर्थीं बांधलेलाच!

तेव्हां आमच्या भगिनींस आमचें सांगणें असें कीं, ‘तुरुंगाधिकारी’ हा सरकारी व्यवहारांतला सरळ शब्दच टिपणांत लिहावा. झांकण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. शब्दास लागलेला डाग नवा शब्द योजून निघत नाहीं. तो पद धारण करणाराच्या आचरणानें निघतो. वधूपक्ष सुज्ञ असेल तर पदाचें नांव विचारून थांबणार नाहीं. आपल्या जांवयाच्या पहाऱ्यांत कैद्यास वेळेवर अन्नपाणी मिळतें ना, एवढें तो अवश्य विचारील.