प्रसाद आणि नमस्कार

मराठीच्या विद्यार्थ्यांची सहल गणपतीपुळ्याला न्यायची म्हणजे माझ्यासारख्या ख्रिस्ती प्राध्यापिकेपुढे दोन प्रश्न असतात. एक समुद्राचा. तिथला समुद्र दिसायला सोज्ज्वळ, पण त्याची ओढ मोठी फसवी. मुलांना गुडघाभर पाण्यापुढे जाऊ न देणे हे व्याकरण शिकवण्याहून अवघड! दुसरा प्रश्न देवळाचा.

सहलीचे निमित्त असते मालगुंडचे. पुळ्याला लागूनच असलेल्या त्या गावी १८६६ साली केशवसुत जन्मले. त्यांचे घर जपलेले आहे, १९९४ पासून स्मारकही आहे. पण निघताना मुलींच्या आया बजावतात ते काही केशवसुतांबद्दल नव्हे. ‘बाप्पाचे दर्शन घेऊन ये गं!’ एवढेच.

पुळ्याचा गणपती स्वयंभू. सारी टेकडीच देवाचे रूप, म्हणून प्रदक्षिणा घालायची ती टेकडीला. मुलांच्या सोबतीने ती किलोमीटरभराची वाट मीही चालते; चालण्याच्या आड माझा धर्म येत नाही. गाभाऱ्याकडे मात्र जात नाही. बाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखते. (चाळीस चपला राखणे हीही काही लहान सेवा नव्हे!)

गेल्या खेपेला एक मुलगी प्रसाद घेऊन आली आणि हात पुढे करून घुटमळली. “मॅडम, तुम्हाला चालेल?”

मी म्हटले, “तू प्रेमाने देतेस म्हणून घेते. नमस्कार मात्र करणार नाही. तो माझ्या हातून खोटा होईल.”

तिने क्षणभर विचार केला. “मग तुमचाही मीच करून येते!” म्हणाली आणि आत पळाली. तो नमस्कार कोणाच्या खाती जमा झाला, देव जाणे.

ही हकिगत मी आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या नातलगांना सांगितली. ते गंभीर झाले. त्यांनी पवित्र शास्त्र काढून पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र पुढे ठेवले. मूर्तींना वाहिलेले अन्न खावे की नाही, हा प्रश्न तिथे चांगलाच चर्चिला आहे. पौल म्हणतो, कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते निमूट खावे. पण ‘हे देवाला वाहिलेले आहे’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नये. “आता बोल!” नातलग म्हणाले. मी म्हटले, काका, पौलाला काळजी आहे ती त्या सांगणाऱ्याच्या मनाची. माझ्या खाण्याने त्याचा गैरसमज होऊ नये. मी तर त्या मुलीला आधीच स्पष्ट सांगितले होते. काकांना ते पटले नाही. अजूनही पटलेले नाही. पण दर नाताळात माझ्याकडच्या करंज्या ते आवडीने खातात.

उलट बाजूचीही एक गोष्ट आहे. एका समारंभात मला आरतीचे तबक हाती धरण्याचा आग्रह झाला. मी हात जोडून नकार दिला. त्यावर एका सहकारी बाईंनी वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले. वाईट वाटले. स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून चहा पिताना तर फारच. पण केवळ त्यांच्या मर्जीसाठी तबक धरले असते, तर तो त्यांच्या देवाचाही अपमान झाला असता असे मला वाटते. न मानता ओवाळणे ही कसली भक्ती?

अशा वेळी मला आठवतात ते ना. वा. टिळक. तेही याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई कडक सोवळ्यातल्या. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचे चित्र ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच आहे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. टिळकांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि तिचे सोवळे जबरदस्तीने मोडले नाही. स्वभावाने ते किती तापट होते हे वाचकांना ठाऊक आहेच; म्हणून तर त्या संयमाचे मोल अधिक! पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून जातिभेद टाकला आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

दुसरे असे की धर्म बदलला म्हणून टिळकांनी तुकाराम सोडला नाही. अभंग, ओवी, कीर्तन हे सारे बरोबर नेले. त्यांच्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) घरी बालकवी मुलासारखे राहिले, ते हिंदूच राहून. आणि १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, तेव्हा ‘सोय पाहून धर्म बदलला’ म्हणणाऱ्यांचीही पंचाईत झाली.

माझी आई काही टिळकांएवढी मोठी नव्हती. चाळीत संक्रांतीचे हळदीकुंकू असले की तिलाही बोलावणे येई. पहिल्या वर्षी तिने शेजारच्या काकूंना सांगितले, “येईन, पण कुंकू लावून घेणार नाही.” काकू म्हणाल्या, “बरं बाई, मग तुला दोन फुले.” पुढे कित्येक वर्षे आईला दोन फुले मिळत. त्यावरून बाकीच्या बायकांची थोडी कुरकुरही चाले. गजऱ्याचे भाव तेव्हाही काही कमी नव्हते.