भाजीची बेगमी वैशाखात व्हावी

थंड देशांतील शेतकरी कुटुंबे हिवाळ्यासाठी भाजीपाला टिकवून ठेवतात. कारण त्या ऋतूत तेथील जमीन बर्फाखाली असते. कोकणातील ऋतूंचा हिशेब निराळा आहे. येथे भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, मुळा, माठ इत्यादी भाज्या हिवाळ्यात चांगल्या होतात. खरी टंचाई भासते ती आषाढ-श्रावणात. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सामान्यतः तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परसातील पडवळ, दोडका, काकडी यांचे वेल त्या सुमारास नुकतेच मांडवावर चढत असतात. टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्यांचा आधार असतो. परंतु तेवढ्यावर कुटुंबाची दोन्ही वेळची गरज भागत नाही.

ह्या टंचाईच्या तोंडावरच लांजा तालुक्यात फणसांचा सुकाळ असतो. एका झाडाला डझनावारी फणस लागतात. त्यांपैकी काही खाल्ले जातात, काही विकले जातात आणि पुष्कळसे झाडाखाली पडून कुजतात. पुढे दीड-दोन महिन्यांनी तेच कुटुंब घाटावरून आलेली भाजी पदरचे पैसे मोजून विकत घेते. ही गोष्ट शेतीच्या हिशेबात तोट्याचीच मानली पाहिजे. आता बाजारात बारमाही भाजी मिळते, मग हा खटाटोप कशाला, असे काहीजण म्हणतात. परंतु जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळल्या व वाहतूक बंद पडली, तेव्हा घाटावरील भाजीवर विसंबणे किती बेभरवशाचे आहे, हे दिसून आले.

आगोटीपूर्वी बेगमी करण्याची विद्या कोकणातील गृहिणींना नवी नाही. खारातले गरे, आंबोशी, आमसुले, सांडगी मिरची, कोहळ्याचे सांडगे, मातीत ठेवलेल्या आठळ्या हे सर्व प्रकार याच गरजेतून निर्माण झाले. त्यांमागील शास्त्रही साधे आहे. पदार्थ नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना व बुरशीला पाणी लागते. मीठ ते पाणी त्यांना मिळू देत नाही. ऊन ते काढून टाकते. आंबटपणा अनेक अपायकारक जंतूंची वाढ रोखतो.

खारातल्या गऱ्यांसाठी जून पण न पिकलेला फणस घ्यावा. चिकासाठी हातास व कोयत्यास तेल लावावे. आठळ्या व पाती काढून घेतलेल्या चार किलो गऱ्यांस एक किलो मीठ या प्रमाणात थर देऊन ते चिनी मातीच्या कोरड्या बरणीत भरावे आणि वर स्वच्छ वजन ठेवावे. सुटलेल्या पाण्यात गरे पूर्ण बुडाले नाहीत, तर याच प्रमाणात मीठ घालून उकळून गार केलेले पाणी वरून घालावे. खाराबाहेर राहिलेला गरा प्रथम बुरसतो, आणि त्यामुळे सगळी बरणी बिघडू शकते. मीठ महाग म्हणून हात आखडणे येथे अंगाशी येते. वापरण्यापूर्वी गरे रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी दोन-तीन वेळा बदलावे. ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे, त्यांच्यासाठी मिठाऐवजी वाळवणाचा मार्ग बरा. गवार, भेंडी यांचे तुकडे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून काढावे व जाळीखाली कडक उन्हात वाळवावे. तुकडा वाकता कामा नये, मोडला पाहिजे. मग तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. कारण कोकणातील दमट हवा वाळलेला पदार्थ पाहता पाहता सर्द करते.

एका बाबतीत मात्र सावधगिरी अत्यावश्यक आहे. साधी शिजविलेली भाजी बाटलीत हवाबंद करून ठेवण्याचा मोह टाळावा. आंबट नसलेल्या पदार्थात, हवा नसताना, बॉट्युलिझम नावाच्या प्राणघातक विषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्यांची बीजे साध्या उकळण्याने मरत नाहीत, आणि विष झाल्याचे वासावरून किंवा चवीवरून कळेलच असे नाही. त्यासाठी दाबाखालील उष्णता लागते. ते काम सुसज्ज कारखान्याचे आहे. घरी मीठ, ऊन व आंबटपणा यांवरच भिस्त ठेवावी.

येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या कामाचा प्रश्न येतो. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ व म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था यांच्याकडे फळे व भाज्या टिकविण्याचे ज्ञान आहे. ते वाडीवर न्यावयाचे, तर वेळ साधली पाहिजे. श्रावणात घेतलेले वाळवणाचे प्रात्यक्षिक कागदावर शोभते, पण उपयोगी पडत नाही. ते वैशाखातच झाले पाहिजे. शिकवावयाचे ते जॅम-जेलीपुरते न ठेवता, रोजच्या ताटात येणारी भाजी हा त्याचा मुख्य विषय असावा. तसेच अशा प्रात्यक्षिकास केवळ स्त्रियांना बोलावणे योग्य नव्हे. फणस उतरविणे, फोडणे, सरपण आणणे, वाळवणासाठी उंच माच बांधणे ही कामे पुरुषांनी अंगावर घेतली पाहिजेत. पेरणीपूर्व मशागतीच्या घाईत सारा भार गृहिणीवरच पडत राहिला, तर ही विद्या तिच्याबरोबरच लोपेल, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही राहणार नाही.

अधिक झालेला माल विकण्याची इच्छा बचतगटांना होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. पण विक्री ही पुढची पायरी होय. प्रथम प्रत्येक घरी खाराची एक बरणी व वाळवणाचे दोन डबे भरले जावेत. येत्या वैशाखात प्रत्येक ग्रामसेवकाने आपल्या गावातील निदान एका वाडीवर एवढे घडवून आणले, तरी श्रावणात त्याचा लाभ घरोघरच्या ताटात दिसेल.